अर्धा ब्रेक

आमच्या शहरात जेवढी माणसं गाडी चालवतात, त्यांतली निम्मी तरी आमच्या मास्तरांच्या हाताखालून गेलेली आहेत. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत नाही, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. पण मास्तर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता घरातसुद्धा मी त्यांना तसंच म्हणते, फक्त भांडताना 'अहो' म्हणते.

त्यांच्या शिकवायच्या गाडीत पेडलचे दोन जोड आहेत. एक शिकणाऱ्यापुढे आणि एक बाजूच्या सीटवर बसलेल्या मास्तरांपुढे. शिकणारा गडबडला की मास्तर काही न बोलता, खिडकीबाहेर बघत बघत, आपल्या बाजूचा ब्रेक दाबतात. गाडी अलगद थांबते आणि शिकणाऱ्याला वाटतं, वा, काय थांबवली मी! मास्तर कुणावर ओरडत नाहीत, कुणाला घाबरवत नाहीत. त्यांच्या गाडीवर तेव्हापर्यंत एक ओरखडा नव्हता. घरी पाहुणे आले की त्यांना पाणी मिळायच्या आधी ही माहिती मिळायची.

या नोकरीचा त्यांच्या उजव्या पायावर मात्र परिणाम झालेला आहे. बसमध्ये बसले तरी सिग्नल दिसला की त्यांचा पाय बसचा पत्रा दाबतो. सिनेमात गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की पुढच्या खुर्चीवरचा माणूस मागे वळून आमच्याकडे रागाने बघतो. घरी ते अगदी ऐसपैस बसतात, पायावर पाय टाकून पेपर वाचतात. पण चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूत मी त्यांना पायावर पाय टाकून बसलेलं लग्नानंतर एकदाही पाहिलेलं नव्हतं. दोन्ही पाय जमिनीवर, उजवा जरा पुढे.

मी गाडी शिकले तीही त्यांच्याकडेच. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची बायको दुसरीकडे शिकायला गेली असती तर लोकांना चघळायला महिनाभर पुरलं असतं. लायसन्स मिळालं, ते मी कपाटात साड्यांखाली ठेवलं, आणि सुट्टीच्या दिवशी कधीतरी हुक्की आली की मास्तरांना बाजूला बसवून शिकवायच्या गाडीतून बाजारापर्यंत जाऊन यायचे. आमची लेक मात्र आमच्या नकळत मैत्रिणीकडे गाडी शिकून आली. मास्तरांना ते फार लागलं. "बाबा, तुमच्या गाडीत मी कशाला शिकू?" ती म्हणाली, "तिथे तुम्हीच गाडी चालवता." मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मीही तिला झापलं, पण तिचं वाक्य माझ्या डोक्यात कुठेतरी राहून गेलं.

मी नोकरी करते ती ग्रंथालयात, मागच्या खोलीत. फाटलेली पुस्तकं दुरुस्त करते. खळ, कात्री, दाबपट्टी आणि खिडकीतून येणारा उजेड, एवढंच माझं राज्य. सगळ्यात खिळखिळी होऊन येतात ती आमच्या फिरत्या ग्रंथालयाची पुस्तकं. म्हणजे एक जुनी निळी व्हॅन, आत तिन्ही बाजूंना कप्पे, आणि ती डोंगरावरच्या वस्त्यांना पुस्तकं पोचवते. तिकडून येणाऱ्या पुस्तकांत काय काय सापडतं! खूण म्हणून ठेवलेला चमचा, वाळलेली पानं, एकदा तर कुणाचा तरी चष्मा. आणि कुणीतरी एक माणूस असा होता की पुस्तकाची शिवण सुटली तर तो ती स्वतःच शिवून पाठवायचा, निळ्या दोऱ्याने. टाके इतके सुबक की मी ते कधी उसवले नाहीत. कोण असेल हे, याचा मी फार विचार करायचे. पुरुष की बाई, म्हातारं की तरुण, काही पत्ता नव्हता. एकदा त्या व्हॅनमधून वर जाऊन बघावं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं, आणि कितीतरी वर्षं मी फक्त खळ लावत होते.

मग व्हॅनवरच्या ड्रायव्हरकाकांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. नवा ड्रायव्हर मिळेना. वरिष्ठांकडून निरोप आला की व्हॅन विकून टाका. ग्रंथपाल बाईंनी सगळ्यांना बोलावून हे सांगितलं, आणि शेवटी, विचारायचं म्हणून विचारलं, "आपल्यात कुणाकडे गाडीचं लायसन्स आहे का?"

एक हात वर झाला. मी वळून बघितलं कुणाचा, तर माझाच.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"आहे माझ्याकडे लायसन्स."

"ते ठीक आहे हो. पण गाडी येते का?"

"मास्तरांची बायको आहे मी!" मी इतक्या जोरात म्हणाले की खिडकीवरचं पाखरू उडालं. खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. निम्मे मास्तरांचेच विद्यार्थी.

"ठीक," बाई म्हणाल्या. "सोमवारी मी तुमच्या शेजारी बसते. डोंगरावरच्या शाळेपर्यंत जाऊन येऊ. नीट जमलं तर व्हॅन ठेवा म्हणून मी वर भांडेन. नाहीतर जाऊ दे विकून."

घरी आले. मास्तर जेवत होते. मी सांगितलं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला होता तो तसाच खाली ठेवला.

"व्हॅनला बाजूला पेडल नसतात," ते म्हणाले.

"माहितीये मला."

"तसं नाही. माहीत असावं म्हणून सांगितलं."

नंतर ते बराच वेळ गॅलरीत उभे होते. मी भांडी घासताना स्वतःला समजावत होते. अपघाताची भीती नव्हती हो मला, खरंच नव्हती. भीती होती ती चारचौघांत उघडं पडायची. इतकी वर्षं 'मला गाडी येते' म्हणून मिरवलं, आणि ते खोटं निघालं तर?

शनिवारी दुपारी ड्रायव्हरकाका किल्ली घेऊन आले. ग्रंथालयाच्या मागे मोठं अंगण आहे, पलीकडे भिंत, आणि भिंतीला लागून बाईंच्या लाडक्या कुंड्या. मास्तर माझ्या बाजूला बसले. काका पायरीवर बसून बघत होते. मी गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, व्हॅन अगदी शहाण्यासारखी निघाली. वळवलीसुद्धा. मला वाटलं, उगीच घाबरत होते मी. समोर भिंत आली. मी नेहमीसारखा ब्रेक दाबला.

व्हॅन हळू झाली. पण थांबली नाही. तशीच सावकाश, कुठलीही घाई न करता, कुंड्यांवर चढली. त्याच वेळी मास्तरांच्या बाजूला 'धाड' असा आवाज आला. त्यांनी पाय आपटला होता, पत्र्यावर.

"ब्रेक नाही का लावला?" काका धावत आले.

"लावला की!"

मास्तर खाली उतरले, माझ्या बाजूला आले, दार उघडलं आणि वाकून माझ्या पायांपाशी डोकं घातलं. "पुन्हा दाब बघू. मगाशी दाबलास तसा."

मी दाबला.

"एवढाच?"

"एवढाच. नेहमी एवढाच दाबते. एवढ्यावर थांबते ना आपली गाडी!"

मास्तर सरळ झाले आणि फुटलेल्या कुंडीच्या मातीत चक्क बसले. "एवढ्यावर थांबत नाही ती," ते म्हणाले. "उरलेला मी दाबतो."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा अंगाची लाही लाही झाली. इतक्या वर्षांत मी एकदाही पूर्ण ब्रेक दाबलेला नव्हता. अर्धा मी दाबायचा आणि उरलेला आपोआप येतो, असंच माझ्या पायाला माहीत होतं. "म्हणजे मला गाडी येतच नाही," मी म्हणाले.

"येते गं," मास्तर म्हणाले. "म्हणजे, अर्धी येते."

हे ऐकून मी त्यांना तिथेच मातीत सोडून घरी निघाले. रस्त्यात ते मागून धापा टाकत आले. मी बोलत नाही म्हटल्यावर स्वतःशीच बोलू लागले. "बाकीचेही सगळे असेच असतील का? अख्खं गाव?" मग स्वतःच उत्तर दिलं. "नाही. त्यांना महिन्याभरात कळत असणार. एखादा बंपर जातो, मग शिकतात. तूच एक माझ्या शेजारून कधी उठली नाहीस."

मी थांबले. रागच आला होता, पण त्यांचा चेहरा असा पडला होता की बोलवेना. संध्याकाळी आम्ही दोघांनी बाईंची झाडं रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावली आणि डबे भिंतीला ओळीने ठेवले. फार काही दिसत नव्हते ते, पण झाडं जगली.

रविवारी सकाळी डोंगराच्या रस्त्यावर सराव करायचा ठरला. "मी येणार," मास्तर म्हणाले. मी नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते हवेच होते.

पण ते आले आणि माझे हाल झाले. पहिल्या वळणाला 'धाड'. दुसऱ्या वळणाला 'धाड', आणि "हळू, हळू". तिसऱ्या वळणाच्या आधीच "ब्रेक! ब्रेक गं!" ते म्हणाले की मी दाबायचे, आता चांगला कचकन, आणि मागे कप्प्यांतली पुस्तकं धबाधब खाली यायची. ते नाही म्हणाले तर मी त्यांच्याकडे बघायचे. असं थोडा वेळ चाललं आणि माझ्या लक्षात आलं की काहीही बदललेलं नाही. आधी मी त्यांच्या पायाची वाट बघायचे, आता तोंडाची बघत होते.

खऱ्या चढाच्या तोंडाशी एक बसथांबा आहे, पत्र्याचं छप्पर आणि एक बाकडं. मी गाडी कडेला घेतली. थांबली, बऱ्यापैकी.

"उतरा," मी म्हणाले.

"का? काय झालं?"

"काही झालं नाही. उतरा."

"अगं, पण मधेच? इथे?"

"बाकडं आहे. बसा. मी वर जाऊन येते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझा निश्चय पाघळायला लागला. म्हणून मी समोर काचेकडे बघत राहिले. दार उघडल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आला. मग खिडकीत त्यांचं डोकं. "चढावर थांबावं लागलं तर हँडब्रेक..."

"अहो, माहितीये!"

मी निघाले. आरशात ते लहान होत गेले, बाकड्यावर न बसता उभेच. वळण आलं आणि दिसेनासे झाले.

बाजूची सीट रिकामी होती. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दोनदा बघितलं. हात स्टिअरिंगला चिकटले होते. मी मोठमोठ्याने बोलायला लागले. "दुसरा टाक. शाबास. आता वळण. हळू बाई, हळू. अजून दाब. अजून. हां." कुणी ऐकलं असतं तर व्हॅनमध्ये दोन बायका आहेत आणि एक दुसरीला छळतेय असं वाटलं असतं.

सगळ्यात उभ्या चढावर समोरून दुधाचा टँकर आला. रस्ता अरुंद. मी कडेला घेऊन थांबले, हँडब्रेक ओढला. टँकरवाला हात दाखवून गेला. आता निघायचं होतं, आणि मागे उतार. शिकवायच्या गाडीत अशा जागी गाडी कधीच मागे जात नसे. का जात नसे, ते मला कालच कळलं होतं.

मी हँडब्रेक सोडला, क्लच सोडला, आणि व्हॅन मागे निघाली.

पाय ब्रेकवर गेला, अर्धा दाबला, आणि व्हॅन मागे जातच राहिली, आणि बाजूने काहीच आलं नाही. कुणी दाबलं नाही. मग मी दाबला. पूर्ण. पत्र्याला टेकेपर्यंत. मागे पुस्तकांचा एक अख्खा कप्पा कोसळला, आणि व्हॅन थांबली.

मी तशीच बसून राहिले. पाय मी उचलला नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ओरडायला कुणी नव्हतं, वाचवायलाही कुणी नव्हतं, आणि मी जिथे थांबवली होती तिथे गाडी उभी होती. मला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं. पदराने नाक पुसलं. मग हँडब्रेक पुन्हा ओढला आणि या वेळी घाई केली नाही. क्लच थोडा थोडा सोडत गेले, इंजिनचा आवाज बदलला, व्हॅनचं नाक जरासं उचललं गेलं, ॲक्सिलरेटर दिला, हँडब्रेक सोडला. निघाली. वर निघाली! मी ओरडले. त्यात शब्द कुठलाच नव्हता, पण आवाज दरीतून परत आला.

वरच्या शाळेला सुट्टी होती. पटांगणात गाडी वळवली, उतरले, आणि थोडा वेळ पायरीवर बसले. खाली रस्ता दिसत होता, जिकडून मी आले तो. मग सगळी पुस्तकं उचलून पुन्हा कप्प्यांत लावली. निळ्या टाक्यांचं एक हातात आलं. ते नीट आत सरकवून ठेवलं.

उतरताना खालच्या गिअरमध्ये, सावकाश आले. बसथांब्याच्या बरंच आधी, एका वळणावर, मास्तर रस्त्यातून चालत वर येताना दिसले. घामाघूम, एक हात पुढे केलेला. मी ब्रेक दाबला. पूर्ण. व्हॅन त्यांच्यापासून चांगली लांब थांबली.

"थांबली," ते म्हणाले.

"मग काय!"

ते खिडकीपाशी आले. "पाय दुखतोय."

"कुणी सांगितलं होतं एवढं चालायला?"

"चालून नाही दुखत." त्यांनी उजवा पाय जरा हलवून बघितला. "त्या बाकड्यासमोर एक दगड आहे. वरून गाडीचा आवाज येत होता. मधे कुठेतरी मागे आलीस ना तू?"

"आले थोडी."

"कळलं मला, आवाजावरून. मी दाबला तो दगड, जीव खाऊन."

"आणि गाडी थांबली."

"थांबली."

"ती मी थांबवली, मास्तर."

"हो," ते म्हणाले. "ते कळलं म्हणून तर चालत निघालो. बाकड्यावर बसवेना." त्यांनी खिडकीच्या काठावर दोन्ही हात ठेवले. "भीती वाटली गं मला. तुला काही होईल याची नव्हे. तू वर जाऊन नीट परत येशील, याची. मग माझं काय काम?"

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने 'भीती' हा शब्द स्वतःबद्दल कधी काढला नव्हता. माझ्या मनातला कालचा उरलासुरला राग निघून गेला. खूप माया आली त्यांची. पण हे सगळं तिथे रस्त्यात कुठे बोलणार!

"वर गर्दी होणार आहे पुस्तकांना," मी म्हणाले. "शिक्के मारायला माणूस लागेल. बसा मागे."

"मागे?"

"मागे. पुढची सीट बाईंची."

ते मागे गेले, कप्प्यांमधल्या बाकावर, जिथून पुढचा रस्ता दिसत नाही. घरापर्यंत दर वळणाला मागून 'धाड' ऐकू आलं, पण मला ते रस्त्यावरच्या बाकीच्या आवाजांसारखंच एक वाटलं. मी माझा माझा ब्रेक दाबत होते.

सोमवारी बाई बसल्या शेजारी, पर्स पोटाशी घट्ट धरून. चढावर थांबून निघाले तेव्हा ती सैल झाली. वर पोचल्यावर उतरल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "व्हॅन राहते. आता सांगा, माझ्या कुंड्यांचं काय झालं?" मी सांगितलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना शाळेच्या नळावर जाऊन तोंड धुवावं लागलं.

पहिल्या खऱ्या फेरीला माणसं दाराशी उभीच होती. निळ्या दोऱ्याचं माणूसही भेटलं. निवृत्त नर्स निघाली, ताठ कण्याची, माझ्याहून पुष्कळ मोठी. "आयुष्यभर टाके घातले," ती म्हणाली, "आता माणसं मिळत नाहीत, पुस्तकं मिळतात." आमची तिथल्या तिथे गट्टी जमली. माझ्या दोन टाक्यांना तिने नावंही ठेवली.

मास्तरांचं स्कूल गुरुवारी बंद असतं, म्हणून माझी वरची फेरी मी गुरुवारीच ठेवली. ते मागे बसून येतात, शिक्के मारतात, मुलांना कुठलं पुस्तक घ्यावं हे नको तितकं समजावतात. शिकवायची पद्धतही त्यांनी बदलली आहे. शिकवणीच्या शेवटच्या आठवड्यात ते आपले बूट काढून मागच्या सीटवर ठेवतात आणि अनवाणी पाय मांडीखाली घेऊन बसतात. गाडीवर आता दोन ओरखडे आहेत. पाहुण्यांना हेही सांगतात, पण पाणी दिल्यानंतर.

व्हॅनमधली 'धाड' मात्र जात नव्हती. मागे, रस्ता दिसत नसतानासुद्धा, दर वळणाला. मी सोडून दिलं होतं. काही सवयी माणसाबरोबर म्हाताऱ्या होतात, असं मी लेकीला फोनवर म्हणालेही.

परवाच्या गुरुवारी आम्ही उतरत होतो. ऊन कललं होतं, रस्ता मोकळा होता. सगळ्यात अवघड वळण आलं, त्याच टँकरच्या चढावरचं. मी ब्रेक दाबला आणि मागच्या आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. यांना वर शाळेतच विसरले की काय?

आरशात बघितलं. मास्तर बाकावर होते. हातात पुस्तक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ जरासे हलत होते. आणि एक पाय दुसऱ्या पायावर. उजवा वर. त्याच्या अंगठ्यात अडकलेली चप्पल वळणाबरोबर इकडून तिकडे झुलत होती.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी पाय खाली घेतला असता.